नव्या घराची ओली भिंत

घरास ओल येते ती घर जुनें झाल्यावर, अशी महाराष्ट्रांत सर्वसाधारण समजूत आहे. छपराचीं कौलें सरकतात, चुन्याचा गिलावा सुटतो, जमिनींतला ओलावा वीटकामांतून वर चढून भिंतीस लोणा लागतो, आणि मग गृहस्थ गवंड्यास बोलावणें धाडतो. परंतु ज्या घरांत अद्यापि कोणी राहावयास गेलेलें नाहीं, ज्याच्या दारांस कड्याही बसलेल्या नाहींत, त्या घराच्या भिंती रंग लागण्यापूर्वींच ओलावून बिघडाव्या, हा प्रकार अमेरिकेंत नेहमींच्या पाहण्यांतला आहे. तेथील बहुतेक घरें लाकडी चौकटीचीं असतात, व त्या चौकटीच्या आंतल्या बाजूस जिप्समचे बोर्ड बसवून भिंती व छत तयार करतात. हा बोर्ड ओलाव्यापुढें फार दुबळा असतो. आणि बांधकाम चालूं असतां ओलावा मात्र चारी बाजूंनीं येत असतो.

अमेरिकेंत स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें घर बांधून घेतात तेव्हां हा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांतही आतां छताखालच्या दुसऱ्या छतास, आणि कचेऱ्यांतील आडभिंतींस, हेच बोर्ड लावले जातात. तेव्हां हा विषय सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाहीं. नव्या कामांतला बोर्ड भिजला कीं कंत्राटदार म्हणतो, "वाळेल आपोआप." शेजारी म्हणतो, "सगळें उपटून टाका." या दोन्ही सल्ल्यांत थोडें थोडें तथ्य आहे, आणि दोन्ही आंधळेपणानें मानले तर गृहस्थाचें नुकसान आहे. खरें उत्तर मिळण्यास हा बोर्ड काय आहे व पाणी त्याचें काय करतें, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंतील घरांच्या आंतल्या भिंती गिलाव्याच्या असत. लाकडी चौकटीवर बारीक पट्ट्या जवळ जवळ ठोकावयाच्या व त्यांवर गिलाव्याचे दोन किंवा तीन हात द्यावयाचे. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देतां येत नसे. त्यामुळें घर पुरें होण्यास आठवड्यांमागून आठवडे लागत. १८९४ सालीं ऑगस्टीन सॅकेट यानें कागद व प्लास्टर यांचे थर एकावर एक देऊन केलेल्या बोर्डाचें पेटंट घेतलें. १९०९ सालीं यूनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीनें त्याचा धंदा विकत घेतला, व पुढें कांहीं वर्षांत जिप्समचा एकच गाभा दोन कागदांमध्यें धरून केलेला, आजच्यासारखा बोर्ड बाजारांत आणला. बराच काळ लोक त्याकडे गिलाव्याची स्वस्त नक्कल म्हणूनच पाहत. दुसऱ्या महायुद्धांत मनुष्यबळ अपुरें पडूं लागलें व युद्धानंतर घरांची मागणी एकदम वाढली, तेव्हां मात्र गिलावा मागें पडला आणि बोर्डानें घरोघरीं ठाण मांडलें.

या भिंतीस तेथें 'ड्रायवॉल', म्हणजे 'कोरडी भिंत', असें म्हणतात. कोरडी अशासाठीं कीं ती उभी करतांना गिलाव्याचें ओलें काम करावें लागत नाहीं. हेंच नांव पुढें फसवें ठरलें. गिलाव्याची भिंत बांधणारास वाट पाहावयास लावी. ती वाळेपर्यंत तिच्याबरोबर सारें घरच वाळत असे. बोर्डानें ही वाट पाहणें संपविलें. परंतु नव्या घरांतलें पाणी कांहीं त्यानें संपविलें नाहीं. बांधकामांतील ओलसरपणाच्या बहुतेक तक्रारींचें मूळ या एका गोष्टींत आहे.

जिप्सम हें कॅल्शियम सल्फेटाचें खनिज. त्याच्या वजनापैकीं शेंकडा सुमारें २१ भाग पाणीच असतें. परंतु तें स्फटिकांत बांधलेलें असल्यामुळें हातास लागत नाहीं. हें खनिज सुमारें १५० अंश सेल्सियसपर्यंत तापविलें कीं त्यांतील पाऊण हिस्सा पाणी उडून जातें व प्लास्टर ऑफ पॅरिस तयार होतें. त्यांत पुन्हां पाणी घातलें कीं तें घट्ट होऊन परत जिप्सम बनतें. कारखान्यांत हाच लगदा दोन कागदांमध्यें सोडतात, कठीण झाला कीं कापतात, आणि जास्तीचें पाणी भट्टींत वाळवून काढतात. चार फूट रुंद, आठ फूट लांब व अर्धा इंच जाड अशा नेहमींच्या बोर्डाचें वजन २० किलोच्या आसपास भरतें, व त्यांत सुमारें चार लिटर पाणी बद्ध असतें. आग लागली कीं हें बद्ध पाणी वाफ होऊन हळूहळू बाहेर पडतें, आणि तोंपर्यंत मागचें लाकूड ज्वालेपासून वांचतें. म्हणजे बोर्डास सगळ्याच पाण्याचें वावडें आहे असें नव्हे. त्याच्या प्रकृतीस बाधतें तें बाहेरून आलेलें मोकळें पाणी.

हें मोकळें पाणी तीन ठिकाणीं तीन प्रकारचें काम करतें. पहिलें गाभ्यांत. जिप्सम पाण्यांत फारसें विरघळत नाहीं. एका लिटरास अडीच ग्रॅमच्या आसपास, एवढेंच. परंतु भिजलेल्या गाभ्याची ताकद पुष्कळ उतरते. स्क्रूच्या डोक्याभोंवतालचा भाग मऊ पडून बोर्ड सैल होतो, आणि छतास लावलेला बोर्ड स्वतःच्याच वजनानें दोन आधारांमध्यें झोल खातो. भिंतीचा बोर्ड वाळल्यावर पुष्कळदां पूर्ववत् घट्ट होतो. छताचा एकदां झोल खाल्लेला बोर्ड वाळला तरी सरळ होत नाहीं.

दुसरें ठिकाण म्हणजे कागद. बोर्डाची निम्मी ताकद कागदांत असते असें म्हटलें तरी चालेल. कागद सोललेला बोर्ड हातांत धरला तर सहज मोडतो. कागद गाभ्यास चिकटून राहावा म्हणून लगद्यांत पिष्टमय खळ घातलेली असते. पाणी फार वेळ राहिलें कीं ही पकड सुटते, कागदावर फुगे धरतात, व कडा फुगून जाड होतात. पाणी कागदांतून व गाभ्यांतून दिव्याच्या वातींतून तेल चढावें तसें वर चढतें. जमिनीवर बोटभर पाणी सांचलें असलें तरी भिंत हातभर उंचीपर्यंत ओली सांपडते, ती यामुळें.

तिसरें ठिकाण डोळ्यांस दिसत नाहीं. बोर्डाच्या पाठीमागें, उभ्या लाकडांच्या मधल्या पोकळींत, थंडीपासून रक्षणासाठीं कांचेच्या लोकरीचा थर भरलेला असतो. तो भिजला कीं ओल्या घोंगडीप्रमाणें पाणी धरून बसतो. पुढचा कागद कोरडा झाला, त्यावर रंगही लागला, तरी मागचा कागद या घोंगडीस टेकलेला राहतो. बुरशीला याहून चांगली जागा मिळावयाची नाहीं.

बुरशीचे कण हवेंत सर्वत्र असतात. ओला चमचा लागलेल्या लोणच्याच्या बरणींत चार दिवसांत काय होतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. बरणींत बुरशी बाहेरून कोणी आणून घालीत नाहीं. ती तेथें आलेलीच असते, फक्त पाण्याची वाट पाहत असते. भिंतींतही तोच न्याय. खाण्यास कागद व खळ आहे, राहत्या खोलीची ऊब आहे. उणीव काय ती ओलाव्याची. तो मिळाला कीं साधारणतः चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाढीस आरंभ होऊं शकतो. ओल्या बोर्डावर येणारी स्टॅकिबॉट्रिस नांवाची काळी बुरशी शास्त्रज्ञांस नवी नाहीं. ऑगस्ट कॉर्डा या शास्त्रज्ञानें तिचें प्रथम वर्णन केलें तें १८३७ सालीं, आणि त्यास ती सांपडली होती प्राग शहरांतील एका घराच्या भिंतीवरील कागदावर. त्या काळीं भिंतीवर कागद शोभेसाठीं असे. पुढें भिंतच कागदाची झाली, आणि त्या जुन्या पाहुण्याचा मुक्काम वाढला.

या बुरशीच्या भीतीविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. १९९३-९४ मध्यें क्लीव्हलंड शहरांत कांहीं तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांतून रक्तस्राव झाला, व प्रथम त्याचा संबंध काळ्या बुरशीशीं जोडला गेला. २००० सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें तो पुरावा पुन्हां तपासून हा संबंध सिद्ध होत नाहीं असें प्रसिद्ध केलें. पुढें २००४ सालीं तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेच्या समितीनें या विषयावरील संशोधनाची छाननी केली. ओलसर व बुरशी आलेल्या घरांत नाक-घशाचा त्रास, खोकला, छातींत घरघर, आणि ज्यांस आधींच दमा आहे व बुरशीचें वावडें आहे त्यांच्या दम्याची वाढ, एवढ्या गोष्टींचा संबंध पुरेशा पुराव्यानें दिसतो, असा तिचा निर्णय आहे. म्हणजे 'काळी बुरशी दिसली कीं मृत्यु' हा हाकाटा खोटा. आणि 'बुरशीनें काय होतें' ही बेफिकिरीही खोटी. ज्या घरांत दम्याचें मूल झोपावयाचें आहे, त्या घराची भिंत बंद करण्यापूर्वीं ती कोरडी असल्याची खात्री करून घेणें हें बांधणाराचें कर्तव्यच होय.

आतां हें पाणी येतें कोठून? पहिलें उत्तर पाऊस. छप्पर पुरें झाकलेलें नाहीं, खिडक्या बसलेल्या नाहींत, अशा स्थितींत बोर्ड बसविण्यास घेतले, तर एका रात्रींतली सर पुरते. दुसरें उत्तर नळ. नव्या नळांत प्रथम पाणी सोडतांना एखादा सांधा गळतो व वरच्या मजल्याचें पाणी खालच्या छतांत उतरतें. या दोन गोष्टी कोणासही कळतात. परंतु आणखी तीन उगम असे आहेत कीं जेथें एक थेंबही गळतांना दिसत नाहीं.

त्यांतला पहिला उगम काँक्रीट. सिमेंट घट्ट होण्यास जेवढें पाणी लागतें त्याहून पुष्कळ अधिक पाणी तें नीट ओततां यावें म्हणून घालतात, आणि हें जास्तीचें पाणी महिनोन् महिने हवेंत सुटत राहतें. काँक्रीटच्या जाडीस एका इंचामागें सुमारें एक महिना वाळण्यास द्यावा, असा कारागिरांचा जुना ठोकताळा आहे. दुसरा उगम सांध्यांत भरावयाची लांबी. बोर्डांचे सांधे बुजविण्याच्या या लांबींत पाणीच फार असतें, व तिचे तीन तीन हात साऱ्या घरभर दिले जातात. तिसरा उगम तर शेकोटीच आहे! हिवाळ्यांत काम चालावें म्हणून अमेरिकेंतील कारागीर प्रोपेन वायूच्या उघड्या शेगड्या घरांत पेटवितात. घर वाळतें आहे असें त्यांस वाटतें. परंतु रसायनशास्त्राचा हिशेब वेगळा आहे: एक किलो प्रोपेन जळला कीं सुमारें एक किलो सहाशे ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें हवेंत मिसळतें. दहा किलो वायू जाळला तर सोळा लिटर. जिची वाफ धुराड्यावाटे बाहेर जात नाहीं अशा शेगडीनें बंद घर गरम होतें खरें, पण कोरडें होत नाहीं. आणि रात्रीं शेगडी विझली म्हणजे तीच वाफ थंड बोर्डांवर दंवासारखी उतरते.

असा भिजलेला बोर्ड हातीं आला म्हणजे ठेवावा कीं टाकावा? अमेरिकेंत बोर्ड तयार करणाऱ्या कारखान्यांची जिप्सम असोसिएशन नांवाची संघटना आहे. तिनें या बाबतींत घातलेली कसोटी विचार करण्याजोगी आहे. विकणारांची संघटना असल्यामुळें ती सरसकट नवे बोर्ड घ्यावयास सांगेल असा संशय येईल. पण तिनें तसें सांगितलेलें नाहीं. तिचें म्हणणें असें कीं चार अटी पुऱ्या होत असतील तर बोर्ड राखावा, आणि त्यांपैकीं एक जरी पुरी होत नसेल तर तो काढून टाकावा.

पहिली अट, पाणी कोठून आलें तें सांपडलें पाहिजे व बंद झालें पाहिजे. गळती चालूंच ठेवून भिंत वाळविणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी भरण्यासारखें आहे. दुसरी अट, पाणी स्वच्छ असलें पाहिजे. पावसाचें किंवा पिण्याच्या नळाचें पाणी एक, आणि गटाराचें किंवा पुराचें पाणी दुसरें. २००५ सालच्या ऑगस्टांत कॅट्रिना चक्रीवादळानें न्यू ऑर्लिन्स शहर बुडालें, तेव्हां कित्येक भागांत घाण पाणी आठवडेच्या आठवडे उभें होतें. तेथें बोर्ड वाळविण्याचा प्रश्नच नव्हता. हजारों घरांच्या भिंती आंतून लाकडी सांगाड्यापर्यंत सोलून काढाव्या लागल्या. तिसरी अट, बुरशी धरण्यापूर्वीं, म्हणजे बहुधा एक ते दोन दिवसांत, बोर्ड आंतबाहेर वाळला पाहिजे. आणि चौथी, बोर्ड अंगानें धड असला पाहिजे: झोल नाहीं, कडा फुगलेल्या नाहींत, कागद सुटलेला नाहीं, स्क्रूंस गंज नाहीं.

या चार अटींत सर्वांत कडक अट तिसरी आहे, आणि बांधकामावर नेमकी तीच चुकते. शनिवारीं रात्रीं पाऊस पडतो, सोमवारीं सकाळीं मंडळी कामावर येतात, मंगळवारीं कंत्राटदार पाहावयास येतो, आणि बुधवारीं काय करावें याचा विचार सुरू होतो. तोंपर्यंत निर्णय बुरशीनें घेतलेला असतो. म्हणून पाणी दिसल्याच्या पहिल्या कांहीं तासांतच हालचाल करावी.

प्रथम त्या भागाची वीज बंद करावी. छत पाण्यानें फुगलें असेल तर त्याच्या खालीं उभें राहूं नये. बाजूस राहून लहानसें भोंक पाडावें व पाणी भांड्यांत उतरवून घ्यावें, नाहींतर सारा बोर्ड पाण्यासकट अंगावर येण्याचा संभव असतो. मग भिंतीच्या तळची लाकडी पट्टी काढावी. तिच्या मागें पाणी कोंडलेलें असतें. पट्टीनें झांकल्या जाणाऱ्या जागींच बोर्डास लहान लहान भोंकें पाडलीं तर मागच्या पोकळींत वारा शिरतो व पुढें डाग दिसत नाहीं. बोर्डामागची लोकर भिजलेली असेल, तर मात्र भिंत उघडल्याशिवाय गत्यंतर नाहीं. ओली लोकर आंत ठेवून पुढून पंखा लावणें म्हणजे वेळेचा अपव्यय होय.

वाळविण्याचें काम तीन गोष्टींनीं होतें: वारा, ऊब आणि हवेंतील बाष्प बाहेर काढणें. नुसता वारा ओलावा भिंतींतून काढून खोलींत आणतो. खोलींतून तो बाहेर गेला नाहीं, तर दुसऱ्या भिंतीवर जाऊन बसतो. बाहेरची हवा कोरडी असेल तर खिडक्या उघडाव्या. ती दमट असेल तर त्या लावून घेऊन बाष्प शोषणारें यंत्र चालवावें. मुंबईच्या जुलैंत खिडकी उघडून भिंत वाळत नाहीं, हें तेथील गृहस्थांस सांगावयास नको. आणि एक सावधगिरी अशी कीं ज्या भिंतीवर बुरशी दिसूं लागली आहे तिच्यावर पंख्याचा झोत सोडूं नये. त्यानें तिचे कण साऱ्या घरभर पसरतात.

बोर्ड वाळला हें ओळखावें कसें? हात फसवतो, थंड वस्तु ओली वाटते व पुढचा कागद मागच्याआधीं वाळतो. याकरितां ओलावामापक नांवाचें लहानसें यंत्र मिळतें. बोर्डांतील मोकळा ओलावा शेंकडा १ च्या खालीं असावा, असें तपासनीस सामान्यतः धरतात. मात्र यंत्रावर लांकडाचे आंकडे असतील तर ते बोर्डास लागू पडत नाहींत. अशा वेळीं साधी युक्ति अशी कीं त्याच घरांतील, जो भिजला नाहीं हें नक्की ठाऊक आहे असा एक बोर्ड मोजावा व त्याच्याशीं बाकीचे ताडून पाहावे. दोन्ही सारखे येईपर्यंत पंखे हलवूं नयेत. मागच्या उभ्या लांकडांचीही परीक्षा करावी. त्यांतील ओलावा शेंकडा १९ च्या वर असतां भिंत बंद करणें हें चुकीचेंच, आणि १५ च्या आसपास येईपर्यंत थांबणें शहाणपणाचें. शेवटीं एखाद्या आडबाजूस रुपयाएवढें भोंक पाडून मागचा कागद पाहावा व वास घ्यावा. बंद पेटींतल्या जुन्या पुस्तकांसारखा कुबट वास आला, तर यंत्र काय सांगतें याची वाट पाहूं नये.

जे बोर्ड काढावयाचे ते पाण्याच्या रेषेवर कापून चालत नाहीं. ओलावा रेषेच्या वर गेलेला असतो; म्हणून निदान फूटभर वरपर्यंत काढावे, आणि पुष्कळदां चार फूट रुंदीचा आडवा बसविलेला बोर्ड पुरा काढणेंच सोयीचें व स्वस्त पडतें. गाडीखाना व राहतें घर यांच्या मधल्या भिंतीसारख्या ज्या भिंती आगीस अडविण्यासाठीं असतात, तेथें जुन्या बोर्डाच्याच जातीचा व जाडीचा बोर्ड पुन्हां बसवावा; सांधे नीट बुजवावे. तेथें हातास लागेल तो तुकडा ठोकणें म्हणजे घराच्या अग्निरक्षणास भोंक पाडणें होय.

येथें दोन चुका फार प्रचारांत आहेत. एक, बुरशीवर ब्लीच शिंपडणें. अमेरिकन सरकारचें पर्यावरण खातें नेहमींचा उपाय म्हणून ब्लीच वापरण्यास सांगत नाहीं. कागदासारख्या शोषून घेणाऱ्या वस्तूंत बुरशीचीं मुळें आंत गेलेलीं असतात; वरचा काळा रंग जातो व ओलावा मात्र वाढतो. शिवाय मेलेल्या बुरशीनेंही वावडें असलेल्या माणसास त्रास होतोच. म्हणून बुरशी आलेला बोर्ड धुण्याची वस्तु नव्हे, काढून टाकण्याची आहे. जागा दहा चौरस फुटांहून लहान असेल तर नाकातोंडास योग्य मुखवटा, हातमोजे व चष्मा लावून हें काम घरच्या माणसासही करतां येतें. त्याहून मोठ्या जागेस जाणता माणूस बोलवावा. दुसरी चूक म्हणजे डागावर रंग देणें. रंगानें डाग झांकतो व आंतलें पाणी बाहेर पडण्याची वाटही झांकते. रंगारी गेल्यावर घर सुंदर दिसतें. सहा महिन्यांनीं कपाटामागून वास येऊं लागतो. तेव्हां दोष कोणाचा, पाऊस केव्हां पडला, भिंत केव्हां बंद केली, यांतलें कांहींच सिद्ध करतां येत नाहीं.

म्हणूनच ज्याचें घर आहे त्यानें एक काम स्वतःकडे ठेवावें. पाणी शिरल्याचें कळतांच तारीख टिपून ठेवावी, छायाचित्रें घ्यावीं, ओलावामापकाचे आंकडे रोज लिहावे, आणि कंत्राटदारास लेखी कळवावें. "भिंत कोरडी झाल्याचे आंकडे दाखविल्याशिवाय रंगाचें काम सुरू करूं नये," एवढें एक वाक्य करारांत असलें तरी पुढचे पुष्कळ तंटे मिटतात. बोर्ड ही घरांतील स्वस्त वस्तूंपैकीं एक आहे. महाग पडते ती मजुरी, व त्याहून महाग पडतें तें राहत्या घरांत पुन्हां भिंती फोडणें. उघड्या भिंतींतला ओला बोर्ड बदलणें हें दिवसाचें काम. त्याच भिंतीवर रंग, कपाटें व फरशी चढल्यावर तेंच काम महिन्याचें होतें.

तरीही उत्तम उपाय तोच, जो बोर्ड भिजण्यापूर्वीं केला जातो. छप्पर, खिडक्या व बाहेरचीं दारें पुरीं झाल्याशिवाय बोर्ड कामावर आणूंच नयेत. आणले तर काँक्रीटच्या जमिनीवर न टेकवितां लाकडाच्या ठोकळ्यांवर आडवे रचावे व छपराखालीं ठेवावे. कारखान्यांतून येतांना त्यांवर असलेलें प्लॅस्टिकचें आवरण वाटेंतल्या पावसासाठीं असतें. तें तसेंच ठेवलें तर आंत वाफ कोंडते, म्हणून जागेवर आल्याबरोबर तें काढावें. भिंतीचा बोर्ड जमिनीपासून अर्धा इंच वर उचलून बसवावा, म्हणजे सांडलेलें पाणी वातीसारखें वर ओढलें जात नाहीं. पाण्यास दाद न देणारे निराळे बोर्डही मिळतात. हिरव्या कागदाच्या बोर्डाचा गाभा पाणी कमी शोषतो; कागदाऐवजीं कांचतंतूंचें आवरण असलेल्या बोर्डावर बुरशीस खाण्यास फारसें कांहीं मिळत नाहीं; आणि न्हाणीघरांत फरशीच्या मागें सिमेंटचा बोर्ड लावणें श्रेयस्कर. परंतु यांपैकीं कोणताही बोर्ड गळकें छप्पर सुधारीत नाहीं, हें विसरूं नये.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटांत वीट व काँक्रीटच्या भिंती असतात. तेथें धोका मुख्यतः छताच्या बोर्डास. गच्चीची किंवा वरच्या न्हाणीघराची गळती पूर्वीं स्लॅबवर डाग होऊन दिसत असे. आतां ती सुंदर छताच्या वर महिनोन् महिने सांचूं शकते. याकरितां वरची गच्ची एक पावसाळा पाहिल्यावरच खालीं असें छत घालावें. तेवढा धीर नसेल, तर गच्चीवर पाणी तुंबवून निदान ती परीक्षा तरी घ्यावी, आणि छतांत आंत डोकावतां येईल अशी एक झडप ठेवावी. झडपेनें शोभा थोडी उणी होईल. पण तीच पुढें हजारों रुपयांचें काम वांचवील.

गिलाव्याच्या काळीं घर वाळेपर्यंत थांबणें भागच होतें. त्या थांबण्यास लोक कंटाळले आणि बोर्ड आला. बोर्डामुळें घर लवकर उभें राहतें हा त्याचा मोठा गुण आहे, आणि तो नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु जें थांबणें पूर्वीं भिंत सक्तीनें करवून घेत असे, तें आतां माणसानें आपखुशीनें केलें पाहिजे. नव्या घराच्या भिंतीवरून हात फिरवून "कोरडी आहे" असें म्हणण्यापूर्वीं तिची पाठ पाहिली आहे काय, एवढा एक प्रश्न घरधन्यानें कंत्राटदारास व कंत्राटदारानें स्वतःस विचारला, तर रंगाच्या हातासाठीं आणखी आठ दिवस थांबावें लागेल. पण त्या घरांत पुढें कोणास रात्रीं खोकत बसण्याची पाळी येणार नाहीं.